बिनकागदी ग्रंथाचे मोल

‘ज्या पुस्तकाला कागद लागला नाही, शाई लागली नाही, बांधणावळ पडली नाही, त्याला किंमत ती कसली?’ हा प्रश्न अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या आत्मविश्वासाने विचारला जातो की, त्याला काही उत्तर असू शकेल अशी शंकाही विचारणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. विचारणारे कोणी अडाणी नसतात. अंदाजपत्रकाच्या रकान्यांतील पै न् पै तपासणारे, कंत्राटदाराच्या बिलातील मजुरीचा दर लाल शाईने दुरुस्त करणारे असे हे लोक असतात. पण पुस्तकाचा विषय निघाला की मजुरी नावाचा रकानाच त्यांच्या हिशेबातून गळून पडतो. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न चुकीचा तर आहेच. पण तो विचारणाऱ्याच्याच हिताच्या मुळावर येणारा आहे. बिनकागदी ग्रंथाला जो ग्रंथाचे मोल देत नाही, त्याच्या हाती शेवटी ग्रंथ राहत नाही. राहते ती केवळ वाचण्याची परवानगी, आणि तीही दुसऱ्याच्या मर्जीवर.

हे विधान आम्ही एका लहानशा, आणि आमच्या बऱ्याच वाचकांना अपरिचित अशा व्यवसायाच्या उदाहरणाने सिद्ध करणार आहोत. तो व्यवसाय म्हणजे अमेरिकेतील भूमिकाखेळांच्या पुस्तकांचा. हा खेळ असा : चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, पात्रे आपण काय करू ते सांगतात, आणि यशापयशाचा निवाडा फाशांनी होतो. सारीपाटासारखा पट असलाच पाहिजे असे नाही, सोंगट्या असल्याच पाहिजेत असेही नाही. पाहिजे ते पुस्तक : नियमांचे, नकाशांचे, कथानकांचे. म्हणजे दिसायला हा खेळ असला, तरी व्यापाराच्या दृष्टीने तो ग्रंथव्यवसायच होय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने त्याचा आरंभ झाला. पहिल्या मुद्रणाच्या प्रती होत्या अवघ्या एक हजार. मूळ प्रकाशनसंस्था कर्जात बुडाल्यावर १९९७ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ती घेतली. आणि १९९९ साली त्या कंपनीलाच ‘हॅसब्रो’ या खेळण्यांच्या बड्या कारखानदाराने विकत घेतले.

हेच उदाहरण आम्ही का निवडले? कारण कागद सोडून पडद्यावर जाण्याची वाट या व्यवसायाने फार लवकर धरली. अॅमेझॉनचे किंडल २००७ साली बाजारात आले. त्याच्या कितीतरी आधी, २००१ साली ‘आरपीजीनाऊ’ आणि २००४ साली ‘ड्राइव्हथ्रूआरपीजी’ या दुकानांतून या खेळांची पुस्तके पीडीएफ रूपाने विकली जाऊ लागली होती. पुढे ही दोन्ही दुकाने एक झाली. ज्या प्रश्नाशी इतर ग्रंथव्यवहार आज झगडत आहे, त्याची वीस-पंचवीस वर्षांची परीक्षा या छोट्या व्यवसायाने आधीच दिली आहे. तिचा निकाल वाचून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

प्रथम हिशेब पाहू. छापील पुस्तक दुकानात पन्नास डॉलरांना विकले गेले, तर अमेरिकेतील या व्यापाराच्या रीतीप्रमाणे घाऊक वितरकाकडून प्रकाशकाच्या हाती साधारणतः त्याचे चाळीस टक्के, म्हणजे वीस डॉलर, पडतात; आणि त्यातूनच छपाई, वाहतूक, वखारीचे भाडे आणि लेखकाचा मोबदला भागवावयाचा असतो. पीडीएफच्या व्यवहारात हे चित्र पालटते. ड्राइव्हथ्रूआरपीजी हे दुकान, पुस्तक केवळ आपल्याकडेच विकावयास ठेवले तर प्रकाशकाला सत्तर टक्के देते, इतरत्रही ठेवले तर पासष्ट. ‘इच डॉट आयओ’ नावाचे दुसरे दुकान तर आपला वाटा किती असावा हे विकणाऱ्यालाच ठरवू देते. त्याने काही न सांगितले तर दहा टक्के घेते. तेव्हा मधल्या व्यापाऱ्याने सारे गिळले, ही ओरड येथे लागू पडत नाही. ती करण्याचा मोह आम्हालाही झाला असता. पण आकडे तसे बोलत नाहीत.

मग अडचण कोठे आहे? अडचण आहे ती पहिल्या प्रतीत. दुसरी प्रत काढावयास काही पडत नाही हे खरे. पण पहिली प्रत आकाशातून पडत नाही. समजा, चाळीस हजार शब्दांचे एक पुस्तक आहे. लेखकाला शब्दामागे पाच सेंट दिले, तर दोन हजार डॉलर झाले. चित्रे, नकाशे, संपादन आणि पानांची मांडणी यांना मिळून तीन हजार दोनशे धरा. एकूण पाच हजार दोनशे. पुस्तकाची किंमत दहा डॉलर ठेवली व दुकानाने पासष्ट टक्के दिले, तर प्रतीमागे साडेसहा डॉलर हाती येतात. म्हणजे केवळ खर्च भरून निघावयास आठशे प्रती खपल्या पाहिजेत. ग्राहकाने ‘कागद नाही, मग पाचच घ्या’ म्हटले की सोळाशे. हिशेब तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा वाचकांनी हा हिशेबही तपासून पाहावा.

आता आठशे हा आकडा मोठा की लहान? त्याचे उत्तर दुकानाच्याच पाटीवर लिहिलेले आहे. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर अधिक खपणाऱ्या पुस्तकांना धातूंची पदके मिळतात. पन्नासांहून अधिक प्रती गेल्या की ताम्रपदक, शंभरांहून अधिक गेल्या की रौप्य, पाचशेंहून अधिक गेल्या की सुवर्ण. पन्नास प्रती खपणे हीच ज्या बाजारात मिरवण्याजोगी गोष्ट आहे, तेथे आठशे प्रतींची अपेक्षा धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. आमच्या कल्पित पुस्तकाने पाचशे एक प्रती खपवून सुवर्णपदक पटकावले, तरी त्याच्या पदरी येतात सव्वातीन हजार डॉलर. म्हणजे सुवर्णपदक गळ्यात घालून गृहस्थ जवळजवळ दोन हजारांच्या तोट्यात. हा तोटा कोण सोसतो? दुकान नव्हे, कारण त्याचा टक्का प्रत्येक विक्रीवर ठरलेला. चित्रकार नव्हे, कारण तो आपले पैसे बहुधा आधी घेतो. तोटा सोसतो तो लेखक, कारण त्याची मजुरी हा एकच असा खर्च आहे की जो शून्यावर आणला तरी पुस्तक निघते. बिनकागदी पुस्तक स्वस्त असते, कारण लेखक फुकट राबतो, हे त्या स्वस्ताईमागचे रहस्य होय.

यावर प्रतिपक्षाचे लोक एक उदाहरण मोठ्या विजयी मुद्रेने पुढे करतात. २००९ साली ‘पायझो’ या प्रकाशनसंस्थेने ‘पाथफाइंडर’ या खेळाचा मूळ ग्रंथ काढला. छापील प्रत पन्नास डॉलरांची, पीडीएफ दहा डॉलरांची. संस्था बुडाली नाही. उलट भरभराटीला आली. मग स्वस्ताईत वाईट काय? या उदाहरणात एक गोष्ट दडून राहते. पायझोची दहा डॉलरांची पीडीएफ ही पन्नास डॉलरांच्या छापील ग्रंथाच्या खांद्यावर बसलेली होती. पहिल्या प्रतीचा खर्च कागदी ग्रंथाने उचलला. पीडीएफ हे वरचे उत्पन्न झाले. ज्या लेखकापाशी कागदी ग्रंथ नाहीच, त्याला हा खांदा कोठून मिळणार? जमीनदाराने बांधावरचा भाजीपाला वाटेल त्या भावाने विकावा. ज्याचे सारे शेत म्हणजे तो बांधच, त्याने तोच भाव धरला तर घरी चूल पेटावयाची नाही.

दुसरे उदाहरण किकस्टार्टरचे देतात. आगाऊ वर्गणीदार मिळवून पुस्तक काढण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. जुन्या मराठी ग्रंथांतील वर्गणीदारांच्या याद्या त्याची साक्ष देतील. ही रीत चांगली आहे. तीत पहिल्या प्रतीचा खर्च आधी जमतो, आणि म्हणून आमचा तिला मनःपूर्वक पाठिंबा आहे. २०२१ साली ‘अवतार लेजंड्स’ या खेळाने तेथे पंचाण्णव लाख डॉलर जमविले. पण तो खेळ एका जगप्रसिद्ध दूरदर्शन-मालिकेवर आधारलेला होता, हे सांगावयास लोक विसरतात. ज्याचे नाव आधीच झालेले आहे त्याच्या दारी वर्गणीदारांची रांग लागते. ज्याचे व्हावयाचे आहे तो आपल्या आप्तेष्टांच्या दारी उभा राहतो. वर्गणीने धाडस वाटून घेतले जाते. शब्दाची किंमत मात्र तिने आपोआप वाढत नाही.

किंमत किती उतरली याचे एक चित्र पाहा. जून २०२० मध्ये इच डॉट आयओने वांशिक न्यायाच्या कार्यासाठी एक मोठी गाठोडी विकावयास काढली. तीत संगणकावरचे खेळ होते तसे भूमिकाखेळही पुष्कळ होते. एकूण सतराशेंहून अधिक कृती, आणि किमान किंमत पाच डॉलर. ऐंशी लाख डॉलरांहून अधिक निधी जमला व तो सत्कार्यी लागला. त्या दानाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. लेखकांनी आपले श्रम आपण होऊन दिले होते. पण दानाचा भाव हा बाजाराचा भाव समजण्याची सवय लागली की अनर्थ होतो. एका कपाटभर पुस्तकांना पाच डॉलर देणाऱ्या हाताला दुसऱ्या दिवशी एका पुस्तकाला दहा डॉलर देणे ही लूट वाटू लागते. अन्नछत्रात जेवून आल्यावर खाणावळीचे दर महाग वाटावेत, तसा हा प्रकार आहे.

आता आमच्या विधानाच्या उत्तरार्धाकडे वळू. पुस्तकाच्या फाइलला भाव मिळत नाही, आणि तिच्या नकला फुकट फिरतात, हे पाहून भांडवलवाला प्रकाशक काय करतो? तो फाइल विकणेच बंद करतो. एप्रिल २००९ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने चोरट्या नकलांचे कारण पुढे करून आपल्या साऱ्या पीडीएफ बाजारातून काढून घेतल्या व आठ जणांवर दावे लावले. ज्यांनी पैसे मोजून ग्रंथ घेतले होते, त्यांनाही ते विक्रेत्याच्या भांडारातून पुन्हा उतरवून घेण्याची सोय उरली नाही. चोराचे काही बिघडले नाही; तो कोणाच्या भांडारावर अवलंबून नव्हता. २०१३ पर्यंत प्रामाणिक ग्राहकाला ते ग्रंथ पीडीएफ रूपात विकत मिळण्याचा मार्ग राहिला नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी फाइल आपल्या स्वतःच्या यंत्रात उतरवून ठेवली होती, त्यांच्याकडून ती कोणालाही काढून घेता आली नाही. ती त्यांची मालमत्ता होती.

प्रकाशकाने या प्रसंगातून जो धडा घेतला तो असा : मालमत्ता म्हणून विकूच नये. त्याच कंपनीची वर्गणी घेऊन चालणारी एक साधने पुरविणारी व्यवस्था होती; ती ज्या तंत्रावर उभी होती ते जुने झाले आणि १ जानेवारी २०२० रोजी ती बंद करण्यात आली. वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्यांच्या हाती त्या साधनांतले काही राहिले नाही. २०१७ साली ‘डी अँड डी बियॉन्ड’ हे नवे संकेतस्थळ निघाले आणि २०२२ साली हॅसब्रोने ते १४ कोटी ६३ लाख डॉलरांना विकत घेतले. तेथे पुस्तक ‘विकत’ मिळते, पण ते त्या घरातच वाचावयाचे. फाइल हाती देत नाहीत. आणि या परवानगीची किंमत? मूळ नियमग्रंथाला तीस डॉलर. मौज पाहा : जी फाइल कायमची आपली होते तिला दहा डॉलर जास्त म्हणणारा ग्राहक, जी वस्तू कधीच आपली होत नाही तिला तीस डॉलर मुकाट्याने मोजतो!

त्या परवानगीचे स्वरूप ऑगस्ट २०२४ मध्ये उघडे पडले. खेळाची नवी नियमावली येऊ घातली होती. तेव्हा कंपनीने जाहीर केले की, ग्राहकांच्या पात्रपत्रिकांतील जुने मंत्र व जादूच्या वस्तू यांच्या जागी नव्या नियमांतले येतील. जुनेच हवे असतील त्यांनी ते आपल्या हाताने पुन्हा भरून घ्यावेत. गदारोळ झाला, आणि थोड्याच दिवसांत तो बेत मागे घ्यावा लागला. पण आपल्या कपाटातल्या पुस्तकातील मजकूर आपण झोपेत असताना कोणी बदलू शकतो, ही कल्पना तरी छापील ग्रंथाच्या वाचकाला सुचली असती काय?

जे वाचकाचे तेच लेखकाचे. जानेवारी २०१६ मध्ये त्याच कंपनीने, तिच्या खेळातील नावे व प्रदेश वापरून इतरांनी कथानके लिहावीत व एका ठरावीक दुकानात विकावीत, अशी योजना काढली. लेखकाला मिळणार निम्मे. उरलेले निम्मे दुकान आणि कंपनी यांचे. आणि तेथे दिलेली कृती दुसरीकडे विकता येणार नाही. कोकणातल्या वाचकांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. तिला आपल्याकडे अर्धेल म्हणत. आपल्याकडची खोती १९४९ च्या कायद्याने गेली. अक्षरांच्या शेतातली मात्र नव्याने सुरू झाली, आणि कूळ स्वखुशीने तेथे जाते, कारण मोकळ्या रानात त्याच्या पिकाला भाव नाही.

भाड्याची ही पद्धत केवळ ग्राहकाच्या कवडीचुंबकपणातून जन्मली, असे आम्ही म्हणत नाही. धंदेवाल्याचा लोभ तीत आहेच, आणि लोभाला निमित्त लागत नाही. पण त्या लोभाला वाट करून देणारा कोण? मोकळी फाइल विकणाऱ्या शेकडो लहान लेखकांना ज्याने जगू दिले नाही, तोच ग्राहक शेवटी एका बड्या घराच्या दाराशी भाडेकरू म्हणून उभा राहतो. स्वस्ताई आणि भाडेकरूपण ही जुळी भावंडे आहेत.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, गरिबाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर त्या लहान लेखकांनीच देऊन ठेवले आहे. इच डॉट आयओवर अनेक जण ‘सामाईक प्रती’ ठेवतात : जितक्या प्रती पुरे पैसे देऊन कोणी घेतो, तितक्या प्रती ऐपत नसणाऱ्यासाठी मोफत सोडावयाच्या; घेणाऱ्याला कोणी कारण विचारीत नाही. म्हणजे ज्याला परवडते त्याने पुरे मोल दिले, तर ज्याला परवडत नाही त्याची सोय त्यातूनच होते. तेव्हा गरिबाच्या आडून घासाघीस करणाऱ्या पगारदाराने निदान गरिबाचे नाव घेऊ नये.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्या बलाढ्य कंपनीपुढे एकट्यादुकट्या ग्राहकाचे काय चालणार? चालते. २००० साली त्याच खेळाच्या नियमांचा गाभा एका खुल्या परवान्याने सर्वांना वापरावयास मिळाला होता, आणि त्यावर कितीतरी लहान प्रकाशक उभे राहिले होते. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरांवरील उलाढालीवर पंचवीस टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागण्याचा त्यात बेत होता. खेळणाऱ्यांनी नुसता निषेध केला नाही. त्यांनी आपल्या वर्गण्या रद्द केल्या. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने नमते घेतले, आणि मूळ नियमांचा तो गाभा, परत घेता येणार नाही अशा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, सर्वांना खुला करून दिला. जो पैसा देतो त्याचा शब्द ऐकला जातो. जो फुकट घेतो त्याच्या रागाला बाजारात किंमत नसते, कारण त्याच्या प्रेमालाही ती नव्हती.

आता आमच्या वाचकांना उद्देशून दोन शब्द. मराठी मुलुखापासून दूर नेमणुकीवर असणाऱ्यांना मराठी ग्रंथांच्या दुकानाची पायरी वर्षानुवर्षे चढावयास मिळत नाही. बिनकागदी ग्रंथ ही त्यांच्यासाठी मोठीच सोय आहे. बदलीच्या वेळी पेट्या भराव्या लागत नाहीत, वाहतुकीचे बिल येत नाही. म्हणूनच हा प्रश्न इतरांपेक्षा त्यांचा अधिक आहे. सरकारी बंगला आणि स्वतःचे घर यांतला भेद त्यांना कोणी शिकवावयास नको. बंगल्यात आपण बाग फुलवतो, पडदे लावतो. आणि हुकूम आला की किल्ली परत करून निघतो. पण पुस्तकांची पेटी आपल्याबरोबर पुढच्या गावी येते, कारण ती सरकारची नसते, आपली असते. मराठी ग्रंथ पडद्यावर येत आहेत आणि येणारच. ते पेटीसारखे आपले व्हावेत की बंगल्यासारखे केवळ ताब्यात असावेत, याचा निर्णय प्रकाशकांनी घेण्यापूर्वी आपणच घ्यावयाचा आहे.

तो निर्णय अवघड नाही. जेथे फाइल हाती मिळते तेथे पुस्तक घ्यावे, आणि ते आपल्या स्वतःच्या यंत्रात उतरवून ठेवावे. जेथे केवळ परवानगी मिळते तेथे तिला परवानगीइतकाच, म्हणजे वाचनालयाच्या वर्गणीइतकाच, भाव द्यावा. अमेरिकेत २०१० पासून काही प्रकाशकांनी ‘बिट्स अँड मॉर्टर’ या नावाने, दुकानातून छापील ग्रंथ घेणाऱ्याला त्याची पीडीएफ विनामूल्य देण्याचा परिपाठ ठेवला आहे. तसा आग्रह आपल्या प्रकाशकांकडे धरावा. आणि ज्या ग्रंथाला कागद नाही त्याची किंमत विचारताना कागद मोजू नये, श्रम मोजावेत. चाळीस हजार शब्द लिहिणाऱ्याला शंभर रुपये देताना ज्याचा हात आखडतो, त्याने उद्या आपले कपाट कुलूपबंद सापडले तर तक्रार करू नये. त्या कुलपाची किंमत त्यानेच वाचविलेल्या पैशांतून भरली गेली आहे.